दोन हप्त्यांची मेमरी

परवा सकाळी दोरीवरचे कपडे काढायला गेले, तर पांढऱ्या ओढणीवर काळे ठिपके. हाताने झटकले, तर ते पसरून बोटभर लांब रेघा झाल्या. कारखान्याचं धुराडं पेटलं की उसाच्या भुशाची काजळी वाऱ्यावर येते आणि गावातल्या प्रत्येक दोरीवर, वाळत घातलेल्या पापडांवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर बसते. आमच्या अंथुर्ण्यात गळीत हंगाम सुरू झाला का, हे कुणाला विचारावं लागत नाही. ओढणी पुन्हा बादलीत टाकली आणि तिथेच धुण्याच्या दगडावर बसले. नुसतं बसायलाही बरं वाटलं.

पूर्वी या दिवसांत जिवाला हुरूप यायचा. सकाळी कालव्यावर धुकं, तोडलेल्या फडातून येणारा ओला हिरवट वास, दुपार कलली की मळीचा आंबूस गोड दर्प, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या डोक्यावर घेऊन रस्त्याकडेने चाललेल्या ऊसतोडीच्या बायका. हे सगळं अजूनही आहे. आता मला आधी रस्ता दिसतो, एवढाच फरक. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, ट्रॉल्यांच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेली उसाची टोकं आणि त्यांच्या मागे स्कूटीवर मी, पुढे काढावी की नको या विचारात. तासाचा रस्ता दीड तासाचा होतो. बारामतीच्या एमआयडीसीत पोचते तेव्हा दमून गेलेली असते, आणि काम तर अजून सुरूही झालेलं नसतं.

मी तिथल्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग करते. ड्रॉइंग म्हणजे चित्रं नव्हेत. यंत्राचा प्रत्येक भाग कॉम्प्युटरवर मापात काढायचा, तो दुसऱ्याला कुठे जोडला जाईल, भोक कुठे पडेल, नट कुठे बसेल, ते सगळं आधी पडद्यावर जुळवायचं. एकोणीस वर्षं झाली. उजवं मनगट सकाळी उठल्या उठल्या दुखतं आणि संध्याकाळी दुखायचं थांबतं, म्हणजे थकून मुकं होतं. घरात मी आणि माझे वडील. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, म्हणून मीही.

तात्या साखर कारखान्यात मिल फिटर होते. इथल्या नव्हे, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या एका कारखान्यात, आणि तेही हंगामी. दिवाळी झाली की पत्र्याची पेटी घेऊन जायचे आणि उन्हाळा तापल्यावर परत यायचे. माझ्या लहानपणी काजळी पडायला लागली की वडील घरात नसणार, असा हिशेब मनात पक्का बसला होता. तीस हंगाम ते मिलच्या आवाजात उभे राहिले आणि कानांचं देणं तिथंच देऊन आले. आता त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं. भाजी काय करू असं विचारलं तरी अख्ख्या आळीला कळतं, आणि कधी कधी पलीकडच्या घरातून उत्तरही येतं.

गेल्या हंगामाच्या तोंडावर दोन गोष्टी एकदम झाल्या. एक, तात्या न्हाणीत पडले. सकाळी अकराच्या सुमारास पडले आणि मी संध्याकाळी सातला घरी आले तोवर तिथेच भिंतीला टेकून बसून होते. मोडलं काही नव्हतं. "आगं, बसलो हुतो निवांत," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. त्यांच्या ओल्या धोतराला हात लागला तेव्हा ते पार गार पडलं होतं. आठ तास हा माणूस फरशीवर बसून होता आणि मी तिकडे बसून कुणाच्या तरी कन्व्हेयरचे बोल्ट मोजत होते.

दुसरी गोष्ट, मोहनराव भेटले. मोहनराव एमआयडीसीतच चाऱ्याची यंत्रं बनवतात. मका कापून, बारीक करून, दाबून मुरघास, म्हणजे मुरवलेला चारा, भरणारं एक नवं यंत्र त्यांना काढायचं होतं. मला म्हणाले, "ताई, आख्खं यंत्र तुमीच काढा. होळीच्या आत मिळालं पायजे. मग वर्षाचं काम तुमच्याकडं. घरी बसून करा, मला काय कराचंय तुमी कुठं बसताय ते." घरी बसून. हे दोन शब्द मी परतीच्या सगळ्या रस्त्यावर मनात घोळवले. नोकरी सोडायची, तात्यांच्या कॉटशेजारी टेबल टाकायचं. ज्या हंगामांत ते माझ्याजवळ नव्हते त्यांची परतफेड जरा उलटीच होणार होती, पण होणार होती.

अडचण एकच. एवढं यंत्र उघडू शकेल असा कॉम्प्युटर घरी नव्हता.

मग तो मी जोडला. जोडला हेच खरं, कारण नवा असा एकही भाग घेतला नव्हता. कॅबिनेट एका बंद पडलेल्या सायबर कॅफेचं, मदरबोर्ड ऑफिसने भंगारात काढलेला, प्रोसेसर शब्बीरभाईंकडून जुना घेतलेला. शब्बीरभाईंचं बारामतीत भिगवण रस्त्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचे वडील तिथेच घड्याळं दुरुस्त करायचे. तेच काउंटर, तीच डोळ्याला लावायची भिंगाची वाटी, फक्त घड्याळांच्या जागी आता मदरबोर्ड पडलेले असतात.

जुना प्रोसेसर मोठ्या कामाला पुरा पडेना, म्हणून मी तो ओव्हरक्लॉक केला. कंपनीने त्याला जो वेग नेमून दिलेला असतो, त्याच्यापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवायचं. सेटिंगमध्ये जाऊन आकडे वाढवायचे, थोडी जास्त वीज द्यायची, वर मोठा पंखा बसवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. तात्या कॉटवर बसून बघत होते. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं आणि मी ओरडून समजावलं. ते म्हणाले, "म्हंजी वाढीव गाळप. दोन हजार टनाची मिल आन् तिला तीन हजार टन चारायचा."

"तसंच," मी म्हणाले.

"मग थंड ठेव तिला," असं म्हणून त्यांनी कॅबिनेटच्या पत्र्यावर तळवा ठेवला. त्यांना पंखा ऐकू येत नाही. पण पत्र्याच्या थरथरीवरून तो सांगितलेल्या चालीने फिरतोय की नाही हे ते अचूक सांगायचे.

उरली मेमरी. रॅम. यंत्राचे सगळे भाग एकाच वेळी कॉम्प्युटरच्या डोळ्यासमोर ठेवायचे तर ती भरपूर लागते. बोटभर लांबीची, पातळ, हिरवी पट्टी. तात्यांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली, तिच्यावरच्या काळ्या चिपा मोजल्या आणि म्हणाले, "ही तर बेण्याची टिपरी." आम्ही ऊस लावताना दोन-तीन डोळ्यांचा जो तुकडा सरीत पुरतो त्याला टिपरी म्हणतात. त्या दिवसापासून आमच्या घरात रॅमचं नाव टिपरी पडलं. मला अशा दोन टिपऱ्या हव्या होत्या.

नेमके तेव्हाच मेमरीचे भाव भडकले होते. शब्बीरभाई एक भाव सकाळी सांगायचे आणि संध्याकाळी तो मागे घ्यायचे. "त्या एआयच्या नादात मोठ्या मोठ्या कंपन्या सगळी मेमरी उचलायल्यात, ताई. आपल्यापरयंत येतंय त्ये खालचं चाळण." नवी घेणं माझ्या आवाक्याबाहेर होतं. म्हणून मी दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या काउंटरला उभी राहून जुन्या पट्ट्या बघत होते. कुठली किती वेगाची, कुणाचा उत्तर द्यायचा वेळ कमी, कुणावर उष्णता घालवायचा पत्रा आहे, कुणाच्या सोनेरी दातांवर ओरखडे आहेत. वेग जास्त असला की उत्तराला वेळ लागतो, उत्तर झटपट असलं की वेग कमी. दोन्ही बरं मिळेल ते परवडत नाही. हे मेमरीपुरतंच खरं असतं तर मी एवढी दमले नसते.

शेवटी एक पसंत पडली. लाल पत्र्याची, चांगल्या वेगाची. शब्बीरभाईंकडे तशा दोन होत्या, एकाच पुड्यातल्या. ते म्हणाले, "ह्या जोडीच्या हायत. दोनी बरुबर घ्या."

मी म्हणाले, "एक आत्ता देता का? दुसरी उसाचं बिल आल्यावर नेते."

यावर ते काही बोलले नाहीत. बोलणार तरी काय. आमच्या भागात सगळं असंच घेतात. उसाची पहिली उचल येते तेव्हा घराच्या भिंती होतात, दुसरा हप्ता आला की स्लॅब, आणि तिसरा येईल या आशेवर वर गंजक्या सळया उभ्या राहतात. माझ्या आईच्या पाटल्याही दोन हंगामांच्या होत्या. एक थोडी पिवळी, एक थोडी तांबूस. तिने त्या जन्मभर घातल्या आणि कुणाचं काही अडलं नाही. आमचा सव्वा एकर ऊस आहे, त्याचा पहिला हप्ता आला होता, पुढचं बिल यायचं होतं. एक टिपरी पहिल्या हप्त्याला, दुसरी पुढच्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि शब्बीरभाईंनाही नाही. एकोणीस वर्षं मापात जगलेल्या बाईने ही चूक केली, कारण ती सवय आमच्या पाण्यातच आहे.

संक्रांत झाल्यावर बिल आलं आणि मी दुसरी आणायला गेले. मूळची जोडीदार टिपरी तोवर विकली गेली होती. "पर मी तुमच्यासाठनं हुबेहूब तसली बघून ठिवलीया," शब्बीरभाई म्हणाले. खरंच हुबेहूब होती. तोच लाल पत्रा, तोच वेग, तेच लेबल, अक्षराला अक्षर. मी ती रुमालात गुंडाळून आणली. घरी येऊन दोन्ही शेजारी बसवल्या, कॉम्प्युटर सुरू झाला आणि पडद्यावर मेमरीचा आकडा दुप्पट दिसला. तात्यांना दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि गुळाचा खडा पुढे केला.

मग मी कामाला लागले. पहाटे चारला उठायचं, सातपर्यंत मोहनरावांचं यंत्र, मग डबा, मग स्कूटी, मग दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं. त्या पहाटे मला आजही आठवतात. खिडकीबाहेर धुकं, दूरवर कारखान्याचा भोंगा, फडाकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज आणि अंगावर शाल घेऊन पडद्याकडे बघणारी मी. तात्या माझ्यासोबत उठायचे, चहा करायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. दोघेही बोलायचो नाही. बोलायचं तर ओरडावं लागलं असतं आणि गाव झोपलेलं असायचं.

चार-पाच दिवसांनी पडदा पहिल्यांदा निळा पडला. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मी म्हटलं, वीज गेली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग काम करता करता मध्येच पडद्यावरच्या यंत्राची चक्रं गायब व्हायला लागली. आणि एके दिवशी पहाटे यंत्राची मुख्य फाइल उघडेचना. बिघडलेली फाइल, एवढंच पडद्यावर येत राहिलं. जपून ठेवलेली प्रत तीन आठवड्यांपूर्वीची होती. तीन आठवड्यांच्या पहाटे गेल्या. माझाच गाढवपणा, रोजची प्रत काढून ठेवायला हवी होती. वर्कशॉपमध्ये नव्या मुलींना मीच ते बजावून सांगते. त्या दिवशी मी रडले नाही. रडायला उठून बसावं लागतं, आणि मी टेबलावर डोकं ठेवून तशीच पडून राहिले.

शब्बीरभाई फोनवर म्हणाले, "मेमरी तपासा, ताई. दिवसभर चाचणी लावून सोडा. लाल रेघ आली म्हंजी समजायचं, कुठंतरी चुकतंय." मला तर दिवसभर ऑफिस. म्हणून चाचणी सुरू केली, पडद्यासमोर तात्यांची खुर्ची ठेवली आणि ओरडून सांगितलं, "लाल रेघ आली की वेळ लिहून ठेवा!"

संध्याकाळी आले तर ते तिथेच बसलेले. मांडीवर गेल्या वर्षाचं कॅलेंडर उलटं धरलेलं, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात नोंदी. साडेनऊ, काय न्हाय. पावणेअकरा, काय न्हाय. बारा वाजून वीस, लाल एक. एक वाजता, लाल तीन, पत्रा तापला. दोन वाजता, लाल लई. खाली रेघ मारून लिहिलं होतं: उन्हात भांडत्यात.

कित्येक वर्षांत मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. मिलच्या पाळीवर असल्यासारखे जेवणसुद्धा तिथेच मांडीवर घेऊन जेवले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सांगण्यावरून एकच टिपरी ठेवून चाचणी लावली. दिवसभर एक लाल रेघ नाही. तिसऱ्या दिवशी दुसरी एकटी. तिचंही काही नाही. कॅलेंडरवर तात्यांनी लिहिलं, "एकएकटी शानी हाय."

मी दोन्ही घेऊन शब्बीरभाईंकडे गेले. त्यांनी भिंगाची वाटी डोळ्याला लावली, गरम हवेने लाल पत्रे अलगद सोडवले आणि आतली काळी चिप मला दाखवली. एकीवर एका कारखान्याची खूण, दुसरीवर दुसऱ्याच. वरचं लेबल तेच, आतला माल वेगळा. कंपनी मधल्या काळात चिपा बदलते आणि लेबल तेच ठेवते, असं त्यांनी सांगितलं. "एकटी पळती, ताई. दोघीस्नी मिळून पळीवलं की एकीचं उत्तर येतंय, दुसरीचं मागनं येतंय. त्यात तुमी परसेसर पन ताणलाय." मग वाटी काढून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "चुकी माझी हाय. मी त्या दिवशी तुमाला जोडीच द्यायला पायजे हुती. आलं आसतं की बिल."

त्यांच्यावर राग धरावा असं काही नव्हतं. आपण ज्याला उधार देऊ बघतो त्याला ते घ्यायला लाज वाटेल, हे ओळखून गप्प बसणारी माणसं आता किती उरली आहेत?

घरी आल्यावर तात्यांना सगळं सांगितलं. जोडीची नवी मेमरी परवडत नाही. एकीवर यंत्र उघडत नाही. ताणून चालवलं तर कधी फाइल जाईल सांगता येत नाही. एकच वाट आहे, सगळंच हळू करायचं. प्रोसेसर मूळ वेगावर आणायचा आणि दोन्ही टिपऱ्यांना त्यांतल्या संथ टिपरीच्या चालीने चालवायचं. मग चालेल, पण गेलेलं काम पुन्हा करून होळी गाठता येणार नाही. मोहनरावांनी तर आदल्याच दिवशी फोन करून विचारलं होतं, "ताई, होळीचं ठरल्यालं हाय न्हवं? रात्रीचा दिवस करा, पर चालंल का तेवढं सांगा." आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं होतं, "चालेल."

तात्यांनी नुसता कॅबिनेटच्या पत्र्यावर तळवा ठेवला. मला वाटलं ऐकूच आलं नाही. मग म्हणाले, "आमच्यात बी तसंच. पाच मिल एकीम्होरं एक. त्यातली एक जरी दमली, तर तिच्या चालीनं बाकीच्या चालवायच्या. न्हायतर चोथा मधी साठतुया आन् मिल तुंबती."

"आणि तुंबली की?"

"की मग मानूस हात घालतंय."

ही गोष्ट मी तोवर ऐकली नव्हती. ते एकेक वाक्य थांबून सांगत होते. त्या वर्षी शेजारच्या कारखान्याशी गाळपाची चुरस लागली होती. तिसरी मिल महिनाभर कुरकुरत होती. साहेब रोज सकाळी येऊन विचारायचे, "फिटर, चालंल का?" आणि तात्या म्हणायचे, "चालंल की, सायेब." चालण्यासारखी ती नव्हती. तात्यांना ते माहीत होतं, कारण तळवा ठेवला की त्यांना सगळं कळायचं. पण हंगामी माणूस. नाही म्हटलं तर पुढच्या हंगामाचं बोलावणं येईल की नाही, घरी मी दोन वर्षांची, आई एकटी. चोथा साठला. त्यांचा जोडीदार किसन हाताने काढायला गेला. कोपरापासून खालचा उजवा हात मिलने ओढून नेला. त्या वर्षी विक्रमी गाळप झालं, सगळ्यांना पेढे वाटले. तात्यांनी आपल्या वाटणीचे पेढे दवाखान्यात नेले आणि किसनच्या उजव्या बाजूला ठेवले. मग त्यांच्या ध्यानात आलं.

"तवा मी यंत्राचं सांगत हुतो का माझं सांगत हुतो, मला अजून बी कळना," ते म्हणाले.

आपल्या भाषेत हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतात. यंत्र चालेल, आणि मला चालेल. विचारणाऱ्याने एक विचारावं आणि उत्तर देणाऱ्याने दुसरं द्यावं, कुणाला पत्ता लागत नाही. मी आठवून बघितलं, एकोणीस वर्षांत मला किती जणांनी विचारलं असेल. रविवारी आलात तर चालेल का? पगारवाढ पुढच्या वर्षी धरली तर चालेल का? तुमच्या ड्रॉइंगवर साहेबांचं नाव घातलं तर चालेल का? तात्या एकटे राहिले तर चालेल ना? लग्नाचं बोलणं एकदा जमत आलं होतं. तेव्हाही कुणीतरी विचारलं होतं, नोकरी सोडावी लागली आणि वडिलांना इथेच ठेवावं लागलं तर चालेल का. त्या एकाच वेळी मी गप्प राहिले होते आणि ते स्थळ गेलं. बाकी सगळीकडे चालेल, चालेल, चालेल. मी का थकते, याचं उत्तर मनगटात शोधायची काही गरज नव्हती.

आता या हंगामात बघते तर कॉम्प्युटर तसाच आहे. त्याच दोन टिपऱ्या, संथ चालीवर. गेल्या वर्षभरात एकदाही पडदा निळा पडला नाही. रविवारी मी त्याच्यावर किरकोळ कामं करते, कुणाचं शेड, कुणाचं फाटक. फाइल उघडायला वेळ लागतो. तेवढ्यात चहा होतो. तात्यांच्या न्हाणीत आता भिंतीला धरायला नळी बसवली आहे, आणि पलीकडच्या काकू दुपारी डोकावून जातात. नोकरी आहे तीच आहे. ट्रॅक्टरमागे मीही आहेच. सुटका झाली असं म्हणता येत नाही. पण गेल्या हंगामातला एक दिवस मी अजून जपून ठेवला आहे. तो सांगून हे संपवते.

तात्यांनी किसनची गोष्ट सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, डबा भरून झाल्यावर, मी मोहनरावांना फोन लावला. बाहेरच्या ओट्यावर उभी होते. मी म्हणाले, "मोहनराव, होळीपर्यंत नाही होणार. वीस दिवस जास्त लागतील. घाईत केलं तर मापं चुकतील आणि यंत्रात कुणाचा तरी हात जाईल."

मग ते म्हणाले, "ताई, मका काय माझ्यासाठनं थांबत न्हाय. जरा ताणून बघा की. आठ दिवस जास्त दिलं तर चालंल का?"

"नाही," मी म्हणाले. "नाही चालणार."

ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मग मला दुसरं बघावं लागंल." मी म्हणाले, बघा. फोन ठेवला. ते वर्षाचं काम, तात्यांच्या कॉटशेजारचं टेबल, घरी बसून हे दोन शब्द, सगळं त्या एका वाक्याबरोबर गेलं. गेल्याचं दुःख होतं आणि त्याच वेळी खांदे खाली उतरल्यासारखे वाटत होते. दोन्ही खरं होतं.

आत आले तर तात्या कॉटवर बसलेले. मी बहुधा नेहमीच्या सवयीने फोनवरही ओरडूनच बोलले असणार, कारण त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेलं व्हय काम?"

मी होकाराची मान हलवली.

"मला एवढं एकदा म्हणाया जमलं आसतं," ते म्हणाले, "तर किसनाचा हात ऱ्हायला आसता." आणि मग, पहिल्यांदाच, मी लहान असल्यापासून पहिल्यांदाच, त्यांनी माझं दुखरं मनगट हातात घेतलं आणि त्याच्यावर तळवा ठेवला. पत्र्यावर ठेवायचे तसा, नीट, सगळ्या बोटांनी. बराच वेळ ते तसेच बसले. त्यांना काय कळलं ते त्यांनी सांगितलं नाही.

मी डाव्या हाताने ऑफिसला फोन लावला आणि दोन वाक्यं बोलून ठेवला.

"काय म्हणलीस?" तात्यांनी विचारलं.

"आज येत न्हाय म्हणलं!" मी ओरडले. पलीकडच्या घरात कुणीतरी भांडं घासायचं थांबलं.

"बरं," तात्या म्हणाले, आणि सरकून त्यांनी कॉटवर माझ्यासाठी जागा केली.